पुस्तक आणि हात : जपानच्या विद्वानांनी पश्चिमेची विद्या कशी घेतली

(सुगी उरकल्यावर गावच्या वाचनालयात भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आज आम्हांस जपानविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. जपानचे नाव निघाले की आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, जपान्यांनी युरोपची हुबेहूब नक्कल केली म्हणून ते वर आले. दुसरा म्हणतो, छे, त्यांनी आपले ते सोडले नाही म्हणून वर आले. दोघेही जपानी विद्वानास बाजारातले गिऱ्हाईक समजतात : हे उचलले, ते ठेवले, पैसे मोजले आणि घरी आले. मंडळी, विद्या अशी घेता येत नाही. ती घेताना किती यातायात पडते, कोठे चुकते, आणि तिचे मोल शेवटी कोणाच्या पदरातून जाते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पण जपानास जाण्यापूर्वी क्षणभर आमच्या शाळेच्या दारापाशी थांबू. काही वर्षांमागे शाळेचे दार मोडले. आम्ही पुस्तकातल्या रीतीने चौकटीचे माप काढून गावच्या सुतारास दिले. त्याने फळी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "मास्तर, दोन सूत कमी करू द्या. हे लाकूड पावसाळ्यात फुगणार." आम्ही ऐकले नाही. माप ते माप! आषाढात दार असे घट्ट बसले की पोरांना खिडकीतून आत घ्यावे लागले. तेव्हा तो रंधा घेऊन आला आणि हसत म्हणाला, "मास्तर, तुमचं पुस्तक खोटं नव्हं, पण त्याला आपल्या गावचा पाऊस ठाऊक नाही." आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हाच सुतार लाकडाच्या वखारीत घनफुटाचा हिशेब येत नसल्यामुळे दर खेपेस नाडला जाई. तो हिशेब त्याला आम्ही शिकविला, तेव्हा त्याची नाडणूक थांबली. तेव्हा पुस्तक खरे की हात खरा, हा वाद पोकळ आहे. दोन्ही एका ठिकाणी आणून ताडून पाहिली पाहिजेत. आणि आश्चर्य असे की, जपानात पश्चिमेच्या विद्येचा पाया ज्या दिवशी पडला असे मानतात, त्या दिवशी नेमके हेच घडले.

त्या काळी जपानचे दरवाजे परक्यांस बंद होते. युरोपियनांपैकी एकट्या डच व्यापाऱ्यांस नागासाकी बंदरातल्या देजिमा नावाच्या इवल्याशा बेटावर राहण्याची मुभा होती. त्यांच्या जहाजांतून माल येई आणि मालाबरोबर पुस्तके येत. देशात माणसांची उतरंड रचलेली होती. वर तलवार बांधणारे सामुराई, त्यांच्याखाली शेतकरी, मग कारागीर, मग व्यापारी. शेतकऱ्याचा मान कागदावर दुसरा. पण त्याच्या भाताचा मोठा हिस्सा साऱ्यापायी धन्याच्या कोठारात जाई. आणि या चौघांच्याही बाहेर मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे, देहदंड झालेल्यांची प्रेते उचलणारे लोक असत. त्यांस 'एता' म्हणत. हा शब्द ज्या दोन अक्षरचिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थच मुळी 'पुष्कळ विटाळ' असा होतो. हे ऐकून कोणास आपल्याच गावाची शीव आठवली, तर त्यास आमचा इलाज नाही.

१७७१ सालच्या वसंतात एदो शहरी, म्हणजे हल्लीच्या टोकियोत, सुगिता गेनपाकु व माएनो र्योताकु हे दोन वैद्य काही सोबत्यांसह वधस्तंभाच्या मैदानावर गेले. देहदंड झालेल्या एका स्त्रीचे प्रेत तेथे फाडून दाखविले जाणार होते. दोघांपाशीही योगायोगाने एकच डच पुस्तक होते. त्यात माणसाच्या आतल्या अवयवांची चित्रे होती, पण ती भाषा सुगितास मुळीच येत नव्हती आणि माएनोस जेमतेम तोंडओळख. त्यांनी जन्मभर चिनी वैद्यकग्रंथ वाचलेले. त्यांतली चित्रे आणि ही चित्रे यांचा मेळ बसेना. मग खरे कोणते?

प्रेत कोणी फाडले? वैद्यांनी नव्हे. त्यास शिवणे हा विटाळ! ते काम 'एता' जातीच्या एका म्हाताऱ्याने केले. ज्याला बोलावले होते तो आजारी पडला, म्हणून त्याचा नव्वद वर्षांचा आजा आला. अंगाने तो अजून टणक होता. तरुणपणापासून त्याने हे काम केलेले. हे काळीज, हे यकृत, हे पित्त, असे एकेक तो दाखवीत गेला. आणि काही भाग असे दाखवी की, यास नाव काय ते मला ठाऊक नाही, पण आजवर जितकी शरीरे उघडली त्या सर्वांत हे येथेच सापडले. वैद्य हातातले पुस्तक पाहत. म्हाताऱ्याचे बोट जेथे जेथे टेके, तेथे तेथे डच चित्रात तोच भाग काढलेला! ज्यास त्याच्यापाशी नाव नव्हते, त्यास पुस्तकात नाव होते.

यापूर्वीही दरबारी वैद्यांनी प्रेते उघडलेली पाहिली होती. चिनी ग्रंथाशी ती जुळत नाहीत हे त्यांना दिसले होते. पण त्यांनी तर्क काय काढावा? चिनी माणसाचे आणि आपले शरीर वेगवेगळे असावे! ग्रंथ चुकला म्हणण्यापेक्षा माणूसच चुकला म्हणणे त्यांस सोपे वाटले. पोथीची भीड ही अशी असते.

परत येताना सुगिता, माएनो व त्यांचा एक सोबती यांस मोठी शरम वाटली. आपण धन्याची चाकरी वैद्य म्हणून करतो आणि शरीर कसे आहे हे आज कळले! तेव्हा हे पुस्तक आपल्या भाषेत आणायचेच, असा निश्चय करून ते दुसऱ्याच दिवशी कामास लागले. पुरता शब्दकोश नाही, शिकविणारा नाही. नाकाविषयीच्या एका वाक्यात एक शब्द आला, तो काही केल्या उलगडेना. माएनोपाशी नागासाकीहून आणलेली एक लहानशी वही होती. तीत असे सापडले की, झाडाची फांदी तोडली की ती जागा तशी होते, आणि अंगण झाडले की केर तसा होतो. सगळे डोके खाजवीत बसले. शेवटी सुगितास सुचले की, तोडलेली जागा भरून वर येते, केराचा ढीग वर येतो, आणि नाकही तोंडावर उंच उठलेले असते. तेव्हा शब्दाचा अर्थ 'उंच उठलेले'! एका शब्दासाठी सारा दिवस गेला, पण त्या दिवसाचा आनंद सुगिता म्हातारपणीही विसरला नाही. ज्या गोष्टीस भाषेत शब्दच नव्हता तिच्यासाठी त्यांनी नवा घडविला. मज्जातंतूंसाठी त्यांनी केलेला 'शिंकेई' हा शब्द जपानात आजही चालतो. १७७४ साली 'काइताइ शिन्शो' या नावाने ते पुस्तक छापून निघाले.

मंडळी, या हकीकतीत आम्हांस एक गोष्ट टोचते. वैद्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत आहेत. त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचे नाव सुगिताने लिहून ठेवले नाही. ज्याच्या हाताने विद्या उघडली तो निनावी राहिला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

सुगिताने १८१५ साली, ऐंशीच्या पुढच्या वयात, आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांची हस्तलिखित प्रत नाहीशी झाली असे लोक समजत होते. पुढे ती रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकास सापडली, आणि १८६९ साली फुकुझावा युकिची नावाच्या विद्वानाने ती छापविली. ती वाचताना या पूर्वजांचे कष्ट पाहून आपल्या डोळ्यांस पाणी आले, असे त्याने पुढे लिहिले आहे. तोच माएनोच्या नाकात्सु संस्थानातला. त्याची गोष्ट आता ऐका.

फुकुझावाचा जन्म १८३५ चा. जातीने सामुराई खरा, पण खालच्या पायरीचा. वरच्या सामुराईपुढे खालच्याने वाकावे, बोलताना शब्ददेखील वेगळे वापरावे, अशी रीत. बाप विद्येचा भुकेला, पण नशिबी धन्याच्या कर्जाचे हिशेब सांभाळणे आले. मुलगा झाला तेव्हा बाप म्हणाला की, याला मठात भिक्षू करीन. कारण? त्या उतरंडीत हलक्या घरच्या पोरास वर चढण्याची तेवढी एकच वाट मोकळी होती. मूल दीड वर्षाचे असताना बाप वारला. मोठेपणी फुकुझावास बापाचा तो बेत आठवून रडू येई. जन्माची ही पायरी माझ्या बापाची वैरी होती, असे तो मानी.

त्याची आई मात्र निराळ्या मातीची. ती शेतकऱ्यांशी, इतकेच काय पण 'एता' लोकांशीही आदराने बोले. एका भिकारणीला अंगणात बसवून तिच्या डोक्यातल्या उवा काढी आणि मग तिला जेवू घाली. पोर स्वतः मोठे चौकस. एकदा त्याने देवळी उघडून पाहिली तर आत एक दगड. त्याने तो काढून दुसरा ठेवला. सणाच्या दिवशी लोक त्या दुसऱ्या दगडापुढे नैवेद्य ठेवून ढोल वाजवू लागले, तेव्हा तो मनात हसला.

१८५४ साली तो डच भाषा शिकण्यास नागासाकीस गेला, पुढे ओसाकास ओगाता कोआन या वैद्याच्या शाळेत राहिला. तेथे पुस्तके थोडी आणि विद्यार्थी फार. सगळ्यांत मिळून एक हस्तलिखित शब्दकोश. तो एका खोलीत ठेवलेला, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या खोलीत झोप म्हणून नसे. अशी चार-पाच वर्षे रक्त आटवून डच पक्की केली. मग १८५९ साली परक्यांसाठी नुकत्याच उघडलेल्या योकोहामा बंदरात तो गेला, तर काय? दुकानांवरच्या पाट्या वाचता येत नाहीत, बोलणे कळत नाही, बाटलीवरची चिठ्ठी लागत नाही! जगाचा व्यवहार इंग्रजीत चालला होता आणि डच कोणी विचारीत नव्हते. तो खिन्न होऊन परतला. पण दुसऱ्याच दिवशी त्याने ठरविले की, आता इंग्रजी; पुन्हा श्रीगणेशा! उभे पीक गारपिटीने आडवे झाल्यावर दुसऱ्या दिवशी नांगर जुंपणाऱ्या आमच्या कुणब्यास हे धैर्य काय आहे ते सांगावयास नको.

१८६० साली एका आरमारी अधिकाऱ्याचा खासगी चाकर म्हणून तो अमेरिकेस गेला. तेथील गृहस्थ त्यास यंत्रे दाखवीत, तारायंत्र समजावीत. ते त्यास नवे नव्हते, कारण ते पुस्तकात होते. जे पुस्तकात नव्हते त्याने तो थक्क झाला. त्याने विचारले, वॉशिंग्टनचे वंशज हल्ली काय करतात? उत्तर देणाऱ्याने अगदी बेफिकिरीने उत्तर दिले. त्यास नीटसे ठाऊकही नव्हते, आणि पर्वाही नव्हती. ज्याने राज्य स्थापिले त्याचे वंशज कोणी विचारीत नाही! ज्याच्या देशात शोगुनचा मुलगा शोगुन आणि कारकुनाचा मुलगा कारकून, त्यास हा केवढा धक्का असेल! १८६२ साली तो युरोपात गेला, तेव्हा इस्पितळाचा खर्च कोण देतो, टपाल कसे चालते, निवडणूक म्हणजे काय, हेच विचारीत हिंडला. दोन पक्ष एकमेकांचे शत्रू म्हणवतात आणि एकाच मेजावर जेवतात, हे कोडे त्यास कितीतरी दिवस सुटले नाही.

हे सारे आपल्या भाषेत आणायचे तर पुन्हा शब्दांचीच अडचण. त्याने इंग्रजी अर्थशास्त्रातल्या चढाओढीसाठी 'क्योसो' असा शब्द योजिला. त्यात 'झगडा' या अर्थाचे अक्षर होते. सरकारी खजिन्यातला एक अधिकारी म्हणाला, "बाकी मजकूर ठीक, पण हा झगडा वरिष्ठांस दाखविता येणार नाही." फुकुझावाने तेवढ्या शब्दावर काळी शाई फासून कागद दिला. जेथे प्रत्येकाची पायरी जन्माने ठरलेली, तेथे पुढे जाण्यासाठी झटणे या कल्पनेचीच भीती!

पण आम्हांस त्याची जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती ही की, तो पंडितांसाठी लिहीत नसे. लिहिलेले घरातल्या बायकापोरांस वाचून दाखवी आणि जो शब्द अडेल तो बदली. १८७२ ते १८७६ या काळात त्याने विद्येचा पुरस्कार करणारी सतरा छोटी पुस्तके काढली. जन्माने कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. भेद पडतो तो शिकण्या-न शिकण्याने. आणि शिकणे म्हणजे जुन्या कविता घोकणे नव्हे तर पत्र लिहिणे, हिशेब, भूगोल, निसर्गाचे नियम, ही त्याची शिकवण. त्याच्याच अंदाजाने पहिला भाग, चोरून छापलेल्या प्रतींसह, सुमारे २ लक्ष २० हजार खपला. म्हणजे साडेतीन कोटी वस्तीत दर १६० माणसांमागे एक!

आणि मंडळी, आज आम्ही उभे राहून बोलतो आणि आपण बसून ऐकता, ही साधी गोष्ट तेव्हा जपानात वादाची होती. मोरी आरिनोरी म्हणून एक मोठा विद्वान, अमेरिकेतला जपानचा वकील, याचे म्हणणे की आमची भाषा अशा कामास निकामी. १८७२-७३ च्या सुमारास त्याने तर असे सुचविले की, विद्येसाठी व व्यापारासाठी इंग्रजी सुधारून तीच जपानात चालू करावी. फुकुझावाने वाद घातला नाही. एका बैठकीत तो सहज बोलू लागला, बराच वेळ बोलला आणि मग विचारले, "काय, समजले का?" सगळे म्हणाले, समजले. "मग भाषण होते की नाही?" १८७५ साली त्याने टोकियोत मिता येथे आपल्या शाळेत भाषणांसाठी स्वतंत्र इमारत बांधली, ती आजही उभी आहे.

मोरीस खरे उत्तर दिले ते फुकुझावाच्या शाळेतून गेलेल्या बाबा तात्सुई या तरुणाने. तो लंडनमध्ये शिकत होता. १८७३ साली, तेवीस वर्षांचा असताना, त्याने जपानी भाषेचे व्याकरणच इंग्रजीत लिहून छापले. भाषेला नियम नाहीत म्हणता? हे घ्या नियम! प्रस्तावनेत त्याने दाखविले की, परकी भाषा राज्याची केली तर ज्यांस रिकामा वेळ व पैसा आहे तेच ती शिकतील, पोटामागे लागलेले शिकू शकणार नाहीत, आणि वरचे व खालचे यांच्यामध्ये भिंत उभी राहील. आम्ही सारे शिक्षण मायबोलीत घेतलेले मास्तर आहोत. इंग्रजी शिकू नका असे आम्ही कधी म्हणणार नाही. बाबानेही ती शिकूनच हे लिहिले. पण त्या भिंतीविषयी तो बोलला त्यातले अक्षर न् अक्षर खरे आहे.

येथवर सगळे गोड झाले. आता कडू.

१८६८ साली राज्य बदलले आणि नव्या सरकारने पश्चिमेची विद्या हुकमाने लागू करण्यास आरंभ केला. १८७१ साली 'एता' हे नाव व तो भेद कायद्याने रद्द झाला. १८७२ साली शिक्षणाचा हुकूम निघाला : गावात न शिकलेले घर नको, घरात न शिकलेले माणूस नको. बेत ५३,७६० प्राथमिक शाळांचा! ऐकून कोणाही मास्तरचे ऊर भरून येईल. पण खर्च? तो बहुतेक गावांवर. वर मुलामागे फी. आणि शेतात राबणारे पोर दिवसभर शाळेत गेले तर गवत कोणी कापायचे? १८७३ साली मुलगे व मुली मिळून शाळेत जाणारे शेकडा २८, आणि नुसत्या मुलींपैकी शेकडा १५. त्याच वर्षी जमिनीवर नवा कर बसला : किमतीच्या शेकडा ३, आणि तो रोख. पीक बुडो की येवो, रक्कम ठरलेली.

यात भर पडली सक्तीच्या लष्करभरतीची. १८७२ च्या अखेरच्या जाहीरनाम्यात हिला 'रक्तकर' म्हटले होते. फ्रेंच भाषेत तसा शब्द आहे. त्याचे अक्षरशः भाषांतर करून कोणा विद्वान कारकुनाने तो घातला. खेड्यांतून बातमी पसरली की सरकार तरण्या पोरांचे रक्त काढून घेणार! १८७३ साली पश्चिम जपानात ठिकठिकाणी शेतकरी उठले. तुम्ही म्हणाल, किती अडाणी! पण मंडळी, शंभर वर्षांपूर्वी तीन वैद्य नाकाच्या एका शब्दासाठी दिवसभर बसले होते. या कारकुनाने तो शब्द खेड्यातल्या एका म्हातारीस वाचून दाखविला असता, तर? आणि एक सांगावयाचे तर, शेतकऱ्याचा शब्दार्थ चुकला, भावार्थ चुकला नाही. पोर जाणार होते, कर जाणार होता, फी जाणार होती. रक्तच होते ते.

पण आपल्याच माणसांचे झाकून ठेवणे आम्हांस जमत नाही. त्या बंडात शेतकऱ्यांनी सरकारी घरे जाळली, शाळा जाळल्या, हे एक. मिमासाका प्रांतात त्यांनी त्याहून वाईट केले. नुकत्याच मोकळ्या झालेल्या पूर्वीच्या 'एता' वस्त्यांवर ते तुटून पडले, घरे पेटविली, माणसे मारली. का, तर आता हे आमच्या बरोबरीचे होणार! ज्यास वरून लाथ बसते, तो खालच्यास लाथ घालून आपली पायरी राखतो. कायद्याने नाव पुसले, मन पुसले नाही. त्या लोकांनी पुढे १९२२ साली क्योतो येथे आपली स्वतःची संघटना उभारली तेव्हा कोठे त्यांचा आवाज देशभर ऐकू गेला.

आणि आमचा फुकुझावा? त्याच्या शिकवणीत एक खोच होती. शिकला तो वर, न शिकला तो खाली. आणि लोक अडाणी असले म्हणजे त्यांच्यावर जुलमी सरकार येते, तो त्यांचाच दोष. ज्याच्या गावात फी भरण्याची ताकद नाही त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. जन्माची उतरंड मोडली, तिच्या जागी दुसरी आली. हीच खोच पुढे वाढली. १८८५ च्या मार्चात त्याच्या वर्तमानपत्रात एक बिनसहीचा अग्रलेख आला. तो त्याचाच मानतात. चीन व कोरिया हे मागासलेले शेजारी, त्यांच्या सोबतीने आपली बदनामी होते, तेव्हा त्यांस सोडून पश्चिमेच्या देशांप्रमाणेच त्यांच्याशी वागावे, असा त्याचा रोख. १८९४-९५ सालच्या चीनवरील विजयाने त्यास आनंदाचे भरते आले. १८९५ साली तैवान घेतले, १९१० साली कोरिया गिळला. बापास खाली दडपणाऱ्या पायरीस ज्याने वैरी म्हटले, त्याने राष्ट्राराष्ट्रांची तीच पायरी मांडून शेजाऱ्यास खाली बसविले! त्याचे चित्र चाळीस वर्षे, १९८४ पासून २०२४ पर्यंत, जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर होते. त्याचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. पण मोठ्या माणसाचे मोठे चुकणे झाकले तर त्याच्यापासून शिकणार काय?

मग हात आणि पुस्तक पुन्हा कधी एकत्र आलेच नाहीत काय? आले. ही शेवटची गोष्ट.

आशिओ येथे तांब्याची खाण होती. १८७७ पासून ती नव्या मालकाकडे गेली आणि युरोपी यंत्रांनी तिचे उत्पादन भराभर वाढले. तारायंत्रास तांबे, परदेशी विक्रीस तांबे. पण खाणीचे घाण पाणी वाताराशे नदीत उतरे, आणि भट्टीच्या धुराने डोंगर बोडके होऊन पूर वाढले. मासे मेले. १८९० च्या महापुरात विषारी गाळ शेतांत शिरला आणि भाताची रोपे वाळली. शेतकरी म्हणाले, हे खाणीचे विष आहे. त्यांस डोळ्यांनी दिसत होते, पण हाताच्या बोलण्यास कचेरीत किंमत नव्हती. तेव्हा त्यांनी नदीकाठची माती तपासण्यास पाठविली. टोकियोच्या कृषी महाविद्यालयातल्या कोझाई योशिनाओ या रसायनशास्त्रज्ञाने ती पश्चिमेच्या रीतीने तपासली आणि स्वच्छ लिहून दिले की, तीत तांबे आहे व पिकाची हानी त्यानेच होते. शेतकऱ्याच्या हाताला जे ठाऊक होते पण ज्याचे नाव सांगता येत नव्हते, ते नाव पुस्तकाने दिले. वधस्तंभाच्या मैदानावरचा तो दिवस पुन्हा उगवला!

त्या भागाचा प्रतिनिधी तानाका शोझो, खेड्यातल्या पाटलाच्या घरचा. त्याने १८९१ साली संसदेत प्रश्न उभा केला आणि दहा वर्षे तो सोडला नाही. शेवटी प्रतिनिधित्वाचा राजीनामा देऊन १० डिसेंबर १९०१ रोजी तो अर्ज हातात धरून थेट सम्राटाच्या गाडीपुढे धावला. पोलिसांनी धरले. न्याय मिळाला का? लवकर नाही. १९०७ साली, पुराचे पाणी जिरविण्यास म्हणून, यानाका हे गाव उठविले गेले. तानाका शेवटपर्यंत त्या लोकांत राहिला व १९१३ साली वारला. खाण १९७३ साली बंद झाली, आणि १९७४ साली कंपनीने शेतकऱ्यांस भरपाई देण्याचे कबूल केले. सत्य कागदावर येण्यास एक माणूस पुरला, पदरात पडण्यास तीन पिढ्या लागल्या.

तर बंधुभगिनींनो, जपानी विद्वानांपासून घ्यावयाचे ते हे. विद्या परक्याची आहे म्हणून बाटत नाही. ती डचांची असो, इंग्रजांची असो, ती घ्यावी, एक वाया गेली तर दुसरी घ्यावी. पण घेताना आपल्या भाषेत, घरच्या माउलीला कळेल अशा शब्दांत घ्यावी. आपल्या हाताशी, आपल्या पावसाशी ताडून घ्यावी. आणि तिचा खर्च कोण भरतो ते विचारावे. जो शिकला त्याने मागे वळून पाहावे की, आपल्याखाली नवी पायरी तर आपण बांधीत नाही ना. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. फुकुझावासारख्यास ती जमली नाही.

या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी वाचन चालते. त्यास नुसते ऐकावयास येऊ नका. शब्द अडला तर "म्हणजे काय?" असे खडसावून विचारा, सांगणाऱ्यास सांगता आले नाही तर दोष त्याचा, तुमचा नव्हे. आणि तुमच्या हाताला जे ठाऊक आहे ते आम्हांस सांगा. आम्ही ते लिहून घेऊ. लिहिताना सांगणाऱ्याचे नाव प्रथम घालू. त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचे राहिले. आपल्या गावात कोणाचे राहू नये.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.